‘चोरी रक्तातच असते’ म्हणे!

आसपास कुठे घरफोडी झाली की हा मेसेज फिरायला लागतो : ‘पारधी जन्मतःच गुन्हेगार. चोरी त्यांच्या रक्तात. गावाबाहेर पाल दिसलं की पोलिसांना कळवा.’ गेल्या आठवड्यात तो आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला. खाली अंगठेच अंगठे. म्हणून हे लिहितोय.

‘रक्तात’ म्हणे. हे रक्त इंग्रजांनी कागदावर तयार केलं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत आला, १९११ च्या कायद्याने देशभर पोचला. कुठली जमात गुन्हेगार, हे सरकारी अधिसूचना ठरवायची आणि तिला कोर्टात आव्हान देता येत नसे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’ उभी राहिली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. गुन्हा केलेला असो वा नसो. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. त्यातून सुटलेल्या जमाती म्हणजे ‘विमुक्त’.

‘मग पोलीस रेकॉर्डवर यांचीच नावं का?’ कारण शोध तिथूनच सुरू होतो. २००३ मध्ये नाशिकजवळ दरोडा, बलात्कार आणि पाच खून झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. वाचलेल्या महिलेने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चौघांचे फोटो ओळखले होते. त्यांचा मागच काढला नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणलेल्या उरलेल्या तिघांनाही फाशीच दिली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. तोवर तुरुंगात सोळा वर्षं गेली होती. यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता! हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच मांडलं होतं, की गुन्हेगार कोण हे केवळ कृत्यावरून ठरत नाही, शिक्का मारणाऱ्यांच्या हातातही ते असतं.

‘पण काही जण चोऱ्या करतातच ना?’ करतात. त्यांना पकडा, खटला चालवा, शिक्षा द्या. आमच्या-तुमच्या जातीतल्या चोराला पकडतात, तेव्हा त्याची आजी आणि पोरं कुणी पोलीस ठाण्यात बसवतं का? फासेपारध्यांचं पोट शिकारीवर होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद झाली. प्राणी वाचायलाच हवे होते. पण जाळी-फासे ठेवून दिलेल्या माणसाच्या हातात दुसरं काय दिलं? कित्येकांकडे जातीचा दाखलाही नाही.

‘कायदा यांचे लाड करतो’ असंही त्या मेसेजात आहे. कारागृहांच्या नियमावल्यांत भटक्या-विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजणारे उल्लेख ऑक्टोबर २०२४ पर्यंत होते. ते सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावे लागले. हे लाड?

मी शिकवायचो त्या वर्गात एकदा कंपासपेटी हरवली. कुणी काही बोलायच्या आत पारध्याच्या पोराने आपलं दप्तर माझ्या टेबलावर आणून उपडं केलं. दोन वह्या, एक पेन्सिल, फडक्यात बांधलेली भाकरी. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. पेटी नंतर खिडकीत सापडली. पोरगा तिसरीत होता.