हळदीआधी चेहऱ्याची वाट कशी लावावी

लग्न ठरलं, हॉल मिळाला, केळवणांच्या तारखा लागल्या. आता चेहऱ्याकडे बघायला हरकत नाही. घाई मात्र करू नका. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण 4 आठवडे लागतात आणि मुरुमांवरच्या अ‍ॅडापलीनसारख्या मलमाचा गुण दिसायला 8 ते 12. म्हणून सुरुवात हळदीच्या बरोबर 4 दिवस आधी करावी.

पहिला मान कागदी लिंबाचा. त्याच्या रसाचा पीएच 2 ते 2.5, त्वचेचा 5 च्या आसपास. म्हणजे रस त्वचेपेक्षा शेकडो पट आम्ल. पण घरचं आहे, नैसर्गिक आहे, मग भीती कसली? अर्धी फोड सालासकट गालावर घासा आणि तोंड न धुता पत्रिका वाटायला उन्हात निघा. सालीतल्या आणि रसातल्या काही द्रव्यांवर अतिनील किरणं पडली की त्वचा भाजते. हे भाजणं एक-दोन दिवसांनी उठतं, त्यामुळे लिंबावर कुणी आळ घेत नाही. मागे राहणारा तपकिरी डाग महिनोन्‌महिने टिकतो, अल्बम छापून येईपर्यंत तर नक्कीच. तो घालवायला वरून खायचा सोडा लावा. आम्ल झालं, अल्कलीनं का रुसावं?

आता आहार. केळवणाला बासुंदी-पुरी, संध्याकाळी दुसऱ्या केळवणाला जिलबी, मधल्या वेळेत चहाबरोबर बिस्किटांचा अख्खा पुडा. साखर-मैद्यानं इन्सुलिन उसळतं, त्यापाठोपाठ तैलग्रंथी कामाला लागतात आणि मुरुमांना आमंत्रण पोहोचतं, तेही अक्षतांशिवाय. मग पश्चात्ताप म्हणून उरलेले दिवस काकडी आणि मधाच्या पाण्यावर काढा. डाळ, उसळ, अंडी, दही बंद, कारण प्रथिनं व्यायामशाळेतल्या मुलांसाठी असतात. अशा उपासमारीनं केस गळायला लागतात ते 2-3 महिन्यांनी. लग्न वैशाखातलं असेल तर बरोबर मंगळागौरीला, झिम्मा खेळताना.

पेरूच्या वाट्याला जाऊ नका. 100 ग्रॅममध्ये सुमारे 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं आणि दिवसाची गरज 65 ते 80 ची. पण हातगाडीवर मिळणाऱ्या वस्तूनं कांती सुधारते हे पाहुण्यांना सांगणार कसं? त्यापेक्षा क जीवनसत्त्वाच्या सिरमची बाटली घ्या आणि खिडकीत उन्हात ठेवा. चहासारखा रंग आला, की त्याचा उपयोग संपला आणि शोभा उरली.

मानेचा विषय जरा निवांत घेऊ. मागच्या बाजूला मान काळपट, जाड, मखमलीसारखी झालीय, घड्यांत रंग जास्त गडद आहे, काखेतही तसंच आहे? हा मळ आहे असं घरात सर्वानुमते ठरवा आणि वज्रीनं घासा. मळ असता तर स्पिरिटच्या बोळ्यावर उतरला असता, पण बोळा फिरवून बघायचा नाही. बहुतेक वेळा रक्तात इन्सुलिन सतत चढं राहिल्यानं तिथल्या पेशी भराभर वाढत असतात. त्यासाठी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी (गेल्या 2-3 महिन्यांची सरासरी साखर) तपासावं लागतं, वजन थोडं उतरवावं लागतं, जेवणानंतर चालावं लागतं. मग काही महिन्यांनी मान फिकी पडते. वज्रीचं तसं नाही. 10 मिनिटांत मान लाल, आठवड्याभरात आधीपेक्षा काळी.

एवढ्यावर समाधान नसेल तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन ‘गोरं व्हायची ट्यूब’ मागा. चिठ्ठी लागत नाही, फक्त ओळख लागते. खोक्यावरच्या बारीक अक्षरात बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल दिसलं तर ते वाचू नका; ते स्टेरॉइड असतं. रक्तवाहिन्या आकसतात म्हणून चेहरा दोन-चार दिवस खरंच उजळ दिसतो आणि मेडिकलवाला देवमाणूस वाटतो. लावत राहिलात की त्वचा पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, गालांवर लव येते, पुळ्या उठतात. बंद केलं की आग होते, मग दुसरी ट्यूब. ग्राहक टिकवणं याला म्हणतात.

सनस्क्रीन वाटाण्याएवढं पुरे. चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीच्या दोन रेघा आणि दर 2 तासांनी पुन्हा, हे थेर कशाला? गाडीच्या काचेतून यूव्हीए ही अतिनील किरणं आत येतातच, तेव्हा चालवणाऱ्याचा उजवा गाल तसाही वेगळा दिसणार आहे. रात्री मात्र खोबरेल तेल टाळूपासून कपाळापर्यंत चोपडा आणि उशीचा अभ्रा धुऊ नका.

हळदीच्या दिवशी पाची सवाष्णींनी हात लावला की चेहरा चरचरेल. ‘तेज चढतंय’ म्हणा. कपाळावरचे फोड मुंडावळ्यांखाली जातील, मानेवर हार येईल. गालांचं फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा. त्याचा त्याबद्दलचा दर वेगळा असतो.