हातात रेडिओ, तोंडात मूग

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी लोकांनी परवाना घेऊन चालवायच्या रेडिओच्या, परीक्षेत ओहमचा नियम विचारतात, अँटेनाची लांबी काढायला लावतात, सूर्यावरच्या डागांमुळे आयनावरणात काय उलथापालथ होते तेही विचारतात. पास झालं की कॉलसाइन, म्हणजे रेडिओवर आपली ओळख सांगायचं सांकेतिक नाव, मिळते. मग आपण स्वस्तातली चिनी हँडी, म्हणजे हातात मावणारा बोलता-ऐकता रेडिओ, घेतो आणि लक्षात येतं, की तिचा मेनू क्रमांक २५ काय करतो हा प्रश्न परीक्षेत कुठेच नव्हता.

हँडी दिसायला देखणी. दोन बँड (फ्रिक्वेन्सींचे पट्टे), चार वॅट, १२८ चॅनेल, शिवाय टॉर्च आणि एफएम. टॉर्च लगेच लागतो. एफएमही लागतं. ज्या कामासाठी घेतली तेवढं सोडून सगळं लगेच चालतं.

ते काम म्हणजे रिपीटर. डोंगरावर बसवलेलं हे यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसरीवरून तेच जास्त ताकदीने पुढे पाठवतं. दोन मीटरच्या (साधारण तेवढ्या लांबीच्या लहरींच्या) बँडवर या दोहोंत बहुधा ६०० किलोहर्ट्झचं अंतर. म्हणजे हँडीला सांगायचं, बाई गं, ऐक इथे आणि बोल तिथे. वर बोलताना आवाजाखाली एक घुमणारा टोन सोड, समजा ८८.५ हर्ट्झचा. माणसांना तो ऐकू येत नाही, कारण ऐकणारा रेडिओ तो गाळून टाकतो. पण नसला तर रिपीटर तुम्हाला हिंग लावून विचारत नाही.

हे सगळं बटणांवरून भरता येतं. येतं म्हणजे, माहितीपुस्तिकेत तसं छापलंय. पुस्तिकेचं इंग्रजी असं, की शब्द सगळे ओळखीचे, वाक्य एकही नाही. २५ वर दिशा, २६ वर अंतर, १३ वर टोन, २७ वर साठवण. टोन ११ वरही असतो, पण तो ऐकण्याचा. तो लावला आणि समोरून टोन आला नाही, तर हँडी ठार बहिरी. साठवायचंही दोनदा, आधी ऐकायची फ्रिक्वेन्सी, मग बोलायची. हे चालू असताना आतली बाई प्रत्येक बटणाचं धावतं समालोचन करते. तिला गप्प करायची सोय मेनू १४ मध्ये आहे, हे कळेपर्यंत घरात सगळ्यांना ‘फ्रिक्वेन्सी मोड, चॅनेल मोड’ तोंडपाठ झालं होतं. बायको म्हणाली, “अरे, कोणाशी बोलायचंय एवढं? फोन कर ना त्याला.” या प्रश्नाला हॅम जगतात आजवर समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

जाणकार सांगतात, बटणांच्या नादी लागू नकोस, केबल आण. चर्प नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे आणि ते खरोखर गुणी आहे. सगळी चॅनेलं तक्त्यात भरा, हँडीत ओता, झालं. घोडं अडतं ते केबलीपाशी.

केबलीच्या टोकाला दोन पिना, एक जाड ३.५ मिलिमीटरची, एक बारीक २.५ ची. जोर लावला की टक्क आवाज येतो. आपल्याला वाटतं, बसली. बसलेली नसते. पिनांभोवतीचं प्लास्टिक हँडीच्या अंगाला आधीच टेकतं आणि पिना मिलिमीटरभर बाहेर राहतात. चर्प सांगतं, रेडिओ उत्तर देत नाही. यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे चाकूने ते प्लास्टिक तासणे. विद्युतचुंबकीय लहरींच्या शास्त्रात पारंगत होऊ पाहणारा मी, पेन्सिलीला टोक काढावं तसा केबल तासत बसलो.

पिना बसल्या की ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला केबलीशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर. स्वस्त केबलीच्या पोटातली चिप बऱ्याचदा नकली असते. अस्सल चिपवाल्यांचा नवा ड्रायव्हर नकली चिप ओळखतो आणि ‘कोड १०’ म्हणून हात वर करतो. मग जुना, भोळा ड्रायव्हर शोधून बसवायचा. रात्री संगणक स्वतःला अपडेट करतो आणि सकाळी भोळ्याच्या जागी पुन्हा हुशार हजर! हॅम परवान्यासाठी मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या लिपीची, आंतरराष्ट्रीय सक्ती २००३ साली उठली आणि तो निर्णय ज्या त्या देशावर सोपवला गेला, तेव्हा ‘आता कोणीही ऐरागैरा हॅम होईल’ म्हणून जुनी मंडळी हळहळली होती. त्यांनी निश्चिंत असावं. मोर्सची जागा या केबलीने समर्थपणे सांभाळली आहे.

एकदाचा संपर्क जुळला, की आधी हँडीत आहे ते उतरवून घ्यायचं आणि ती फाइल जपून ठेवायची. हा नियम पाळाच. मग तक्ता. १२८ ओळी समोर, आणि भरायला आवाक्यातले रिपीटर चार-दोन. नावाला सातच अक्षरं. रिकाम्या ओळी बघवत नाहीत, म्हणून मी अंतराळ स्थानकही भरलं. एकट्या त्याला पाच ओळी लागतात. त्यावरचा हॅम रिपीटर ४३७.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो, पण स्थानक सुसाट जात असल्याने डॉप्लर परिणामामुळे फ्रिक्वेन्सी सरकते, येताना ४३७.८१०, जाताना ४३७.७९०, अधेमधे पाच-पाच किलोहर्ट्झच्या पायऱ्या. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचं ते स्थानक या हँडीला ऐकू येतं. टेकडीपलीकडचा हॅम येत नाही. मध्ये काही आडवं आलं की या लहरींचं काही चालत नाही, आणि आकाशात आडवं यायला काही नसतं. हे शास्त्र टेकडीपलीकडच्या गृहस्थाला पटवून द्यायचं, तर फोनच करावा लागतो.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. ही हँडी १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ कुठेही बोलायला तयार असते, हॅमची हद्द तिला ठाऊक नाही. ती आपल्याला ठाऊक हवी.

आता बोलायचं. इथे नवी पंचाईत. पीटीटी (बोलायचं बटण) दाबून लगेच सोडलं, तर रिपीटरची शेपटी, म्हणजे आपण थांबल्यावरही क्षणभर चालू राहणारं त्याचं प्रक्षेपण, खरखरते. तो आवाज ऐकून जीव भांड्यात पडतो, पण कॉलसाइन न सांगता असं टिचकी मारून पळणं असभ्य मानतात. कॉलसाइन सांगावी, तर कोणी खरंच उत्तर दिलं म्हणजे? पुढे काय बोलायचं हे कुठल्याच मेनूत नाही.

शेवटी धीर केला. सांगितली कॉलसाइन, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून. पलीकडून कोणीतरी उत्साहाने उत्तरला. सिग्नल कसा आहे ते सांगून झालं, अँटेना कुठली ते विचारून झालं. मग त्याने हँडी कोणती विचारली. मी सांगितली.

“अरे वा, माझ्याकडेही तीच! चॅनेलं बटणांनी भरलीत की केबलीने?”

“केबलीने,” मी म्हणालो.

“मग तुम्हाला ड्रायव्हरचं एक सांगतो,” तो म्हणाला, आणि नवा ड्रायव्हर काढण्याच्या पहिल्या पायरीवर असतानाच रिपीटरच्या टायमरने तीन मिनिटं झाली म्हणून त्याला तोडलं.