राणीछाप रुपयावरची रेघ आणि लाखांचा फॉरवर्ड

नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: घरातला इंग्रज अमदानीतला राणीछाप किंवा राजाछाप रुपया भिंगातून बघा. अंगावर उठलेली रेघ असेल तर तो ‘डाय क्रॅक’, मागच्या बाजूची सावली पुढे उमटली असेल तर ‘क्लॅश’; दोन्ही ‘डाय एरर’, म्हणजे ठशातले दोष. असा नमुना जगात एकच असतो, त्याची नक्कल होत नाही, म्हणून लाखांत जातो. चिंचेने घासून लख्ख करा, फोटो पाठवा, नोंदणीचे पैसे भरा. रिझर्व्ह बँक विकत घेते.

यातले डाय क्रॅक आणि क्लॅश हे दोन शब्द तेवढे खरे आहेत.

‘उठलेली रेघ म्हणजे डाय क्रॅक’

नाणं पाडणारा ठसा, म्हणजे डाय, कडक पोलादाचा असतो. दाबावर दाब बसून तो तडकतो, पुढच्या कोऱ्या चकतीचा धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर रेघ उंच येते. म्हणजे खोल गेलेली रेघ क्रॅक असूच शकत नाही. पण उंच आणि खोल यांत भिंगाखाली डोळा हमखास फसतो. त्यासाठी दहापट भिंग घ्या आणि टेबल-लॅम्प एका बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवून, आडवा लावा. नाण्यावरची अक्षरं उंच असतात हे आपल्याला माहीत आहे. त्यांची कोणती कड चमकते ते पाहा. रेघेचीही तीच कड चमकली तर रेघ उंच. उलट बाजूची चमकली तर तो साधा ओरखडा. मग नाणं पाव फेरा वळवून पुन्हा बघा, कारण उजेडाच्याच दिशेने जाणारी रेघ दिसत नाही.

उंच ठरली तरी काम संपत नाही. खरा क्रॅक वाकडातिकडा जातो, त्याची जाडी कमी-जास्त होते, बहुधा काठापासून निघून तो अक्षरांमधून पुढे सरकतो आणि मध्ये चेहरा किंवा वेलबुट्टी आली तरी तुटत नाही. याउलट मोकळ्या जागेत केसभर जाडीच्या, सरळ, एकमेकींना समांतर रेघा दिसल्या आणि त्या राणीच्या गालावर चढत नसतील, तर ठसा घासून साफ केल्याच्या त्या खुणा. नाण्यावरची मोकळी जागा म्हणजे ठशावरचा उंच भाग; घासणारा हात तिथेच पोचतो, खोलगट चेहऱ्यात नाही.

काठावरचा गुळगुळीत फुगवटा हे आपल्याकडचं मोठं प्रकरण आहे. ठशाचा तुकडाच उडाला तर नाण्यावर तिथे नक्षी नसलेला उंच गोळा येतो. संग्राहक त्याला इंग्रजीतून ‘कड्’ (cud) म्हणतात; नाण्याची कड ती वेगळी. पण विदर्भात काय, सगळीकडेच रुपयांना कडी झाळून हार केले जात. कडी काढली की झाळीचा डाग उरतो आणि तो अगदी तसाच दिसतो. नाणं उलटवा. ठशाचा तुकडा खरोखर गेला असेल तर बरोबर त्याच्या पाठीमागची नक्षी पुसट असते, कारण धातू रिकाम्या जागेत वाहून गेल्याने तिथे पुरेसा दाब बसलेला नसतो. पाठीमागची नक्षी ठसठशीत असेल, आणि शेजारचे काठाचे कंगोरे भरलेले किंवा कानसलेले असतील, तर ती झाळच.

ठिपक्यांवरूनही फार गोंधळ होतो. 1862 साल छापलेले रुपये पुढे कित्येक वर्षं त्याच सालाने पाडले गेले आणि मुंबई टांकसाळीने सालाच्या वर-खाली मुद्दाम ठिपके ठेवले. पंचम जॉर्जच्या रुपयावर सालाखालच्या फुलाजवळचा ठिपका ही मुंबईचीच खूण. ही चूक नव्हे.

नागपूरकर भोसल्यांचे हातघडणीचे रुपये या हिशेबात धरूच नका. ठसा चकतीपेक्षा मोठा, म्हणून मजकूर अर्धाच येतो. हातोड्याने काठ फाटतो, ती फट काठाला उघडी आणि खोल असते. वर सराफांनी चांदी पारखताना मारलेल्या खुणा. हे त्या नाण्यांचं रोजचं रूप आहे.

‘मागची सावली पुढे दिसली म्हणजे क्लॅश’

दोन ठशांच्या मध्ये चकती आलीच नाही तर ठसे एकमेकांवर आदळतात आणि एकाची खूण दुसऱ्यावर बसते. त्यानंतर पडणाऱ्या प्रत्येक नाण्यावर ती उतरते. कुठे उतरते, हे मात्र फॉरवर्ड सांगत नाही, आणि सगळी परीक्षा तिथेच आहे. आदळतात ते ठशांचे उंच भाग, म्हणजे नाण्यावरच्या मोकळ्या जागा. चेहरा ठशात खोल असतो, त्याला धक्का लागत नाही. म्हणून व्हिक्टोरियाच्या रुपयावर ‘वन रुपी’च्या अक्षरांचे तुटक तुकडे हनुवटीसमोर किंवा मानेमागे शोधायचे, गालावर नव्हे. तुकडे पुसट, खोलगट आणि आरशातल्यासारखे उलटे असतात. मागच्या बाजूला अक्षरांमधल्या मोकळ्या जागेतून नाक-मानेची रेषा जाताना दिसू शकते. दोन्ही बाजूंना खुणा जुळल्या तर शंका उरत नाही.

जुळवणी मोबाइलवर होते. दोन्ही बाजूंचे सरळ फोटो एकाच मापाचे करा. मागचा फोटो आरशातल्यासारखा डावं-उजवं उलटवा (फ्लिप), अर्धा पारदर्शक करा आणि पुढच्यावर ठेवा. नाणं डावी-उजवीकडे पलटल्यावर मागची बाजू उभी न राहता डोक्यावर येत असेल, तर फोटो अर्धा फेरा फिरवून मग ठेवा. सावलीचे तुकडे अक्षरांवर बसले पाहिजेत. ‘साधारण जवळ’ येणं म्हणजे जुळणं नव्हे.

बनावट ‘क्लॅश’ बहुतेक वेळा शेगड्यात, म्हणजे वाइसमध्ये, दोन नाणी दाबून केलेला असतो. त्यात दुसऱ्या नाण्याचे उंच भाग आधी टेकतात, म्हणून खूण गालावर, केसांवर, अक्षरांच्या माथ्यावर बसते आणि तिथली नक्षी चेपलेली असते. एका बाजूचं पूर्ण चित्र दुसऱ्या बाजूवरही उलटं आणि खोल उमटलं असेल, तर तो वेगळाच प्रकार, ब्रॉकेज: आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच छाप बसला.

‘जगात एकच’

खूण ठशावर आहे, नाण्यावर नाही. ठसा बदलेपर्यंत निघालेल्या सगळ्या नाण्यांवर ती जाते, आणि क्रॅक तर वाढत जातो, म्हणून एकाच ठशाच्या आखूड, मध्यम, लांब अशा पायऱ्या सापडतात. 1918 साली मुंबई आणि कलकत्ता मिळून 40 कोटींहून जास्त रुपये पाडले गेले. एवढ्या घाईत किती ठसे तडकले असतील याचा अंदाज करा, आणि मग ‘एकच’ म्हणा.

‘नक्कल होत नाही’

होते. अस्सल नाण्यावरून ठसा उतरवला की क्रॅकसकट सगळं उतरतं. दोन नाण्यांवर एकच क्रॅक असणं स्वाभाविक आहे. पण दोघांवर एकाच जागी एकसारखे खोल ओरखडे आणि ठोकरा असतील तर निदान एक तरी बनावट आहे, कारण वापरातली इजा प्रत्येक नाण्याची वेगळी असते. आधी वजन करा: अस्सल रुपया 11.66 ग्रॅम, झिजलेला थोडा कमी.

‘चिंचेने घासा’

हे सगळ्यात घातक. क्लॅशची खूण इतकी उथळ की चिंच, रांगोळी किंवा ब्रासोच्या एका घासणीत जाते. वरचा काळपट थर तर ती दिसायला मदतच करतो. घाण असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात बुडवून ठेवा, कापसावर टिपा, पुसू नका. नाणं काठाने धरा.

‘लाखो मिळतात, रिझर्व्ह बँक घेते’

सर्वसाधारण रुपयावरच्या बारीक क्रॅकला जास्तीचे पैसे सहसा कोणी देत नाही. मोठा कड् किंवा अक्षरं वाचता येतील असा क्लॅश असेल तर एररचे संग्राहक थोडे चढे मोजतात, तेही नाणं न घासलेलं असेल तर. ऑनलाइन ‘मागितलेली’ किंमत बघू नका, लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांची बघा. इतवारीच्या सराफ्यात नुसती चांदी म्हणून दिलात तर हिशेब 91.7 टक्क्यांचा, म्हणजे सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी. सहाव्या जॉर्जच्या 1940 ते 1945 च्या रुपयात मात्र निम्मीच, आणि 1947 चा तर निकेलचा.

रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी पत्रक काढून सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांत ती नसते आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही. नोंदणीच्या नावाने कोणाला पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा.