शेऱ्यातला ‘नाही’

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पडताळणीसाठी एक एक्सेलची फाइल आली होती. साहित्याची यादी, प्रत्येक वस्तूपुढे नग, मग शेऱ्याचा कॉलम आणि सर्वांत शेवटी तारीख. एका वस्तूपुढचा शेरा होता, ‘तपासून ताब्यात घेतली’. मी बरोबरची खूण केली आणि पुढे सरकलो. दोन दिवसांनी ती वस्तू कुठेच सापडेना, तेव्हा त्या सेलवर (तक्त्यातल्या चौकटीवर) क्लिक करून, सेलमधला सगळा मजकूर दाखवणाऱ्या वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहिले. तिथे पूर्ण वाक्य होते : ‘तपासून ताब्यात घेतली नाही’. लिहिणाऱ्याने काहीही दडवलेले नव्हते. कॉलम अरुंद होता आणि ‘नाही’ नेमका त्याच्या रेषेपलीकडे गेला होता.

हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. सेलमध्ये न मावणारा मजकूर शेजारची सेल रिकामी असेल तर तिच्यावर पसरतो आणि पूर्ण दिसतो. शेजारी काहीही भरले की तो रेषेवर कापला जातो. म्हणजे शेरा लिहिला त्या दिवशी लिहिणाऱ्याला तो पूर्ण दिसत होता. नंतर कोणीतरी शेजारी तारीख भरली आणि त्या क्षणी वाक्याचा शेवट पडद्याआड गेला. आपल्या भाषेत क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेवटी येतात, त्यामुळे उजवीकडून कापलेले मराठी वाक्य नुसते अपुरे राहत नाही, पुष्कळदा ते नेमका उलटा अर्थ सांगते. ‘हरकत नाही’मधला ‘नाही’ गेला की हरकत उरते.

आकड्यांच्या बाबतीत मात्र एक्सेल अधिक सावध आहे. चलनाच्या किंवा ठरावीक दशांशांच्या स्वरूपातली रक्कम कॉलममध्ये मावली नाही, तर ती अर्धी दाखवण्याऐवजी सेलभर ##### अशी चिन्हे उमटतात. नवखी माणसे ती पाहून घाबरतात, पण मला ती फार प्रामाणिक वाटतात. (तारखेच्या सेलमध्ये कॉलम कितीही रुंद केला तरी ही चिन्हे हटत नसतील, तर वजाबाकीचे उत्तर ऋण आलेले असते, तिथे रुंदीचा दोष नाही.) हा प्रामाणिकपणाही पुरता नाही. सेलचे स्वरूप ‘जनरल’ असेल तर अरुंद कॉलममध्ये दशांश मावतील तेवढेच ठेवून आकडा पूर्णांकित करून दाखवला जातो, आत १२.७५ असते, डोळ्यांना १३ दिसते, आणि खालची बेरीज जुळत नाही म्हणून माणूस कॅल्क्युलेटर घेऊन बसतो. मजकुराला तर एवढेही संरक्षण नाही. लिब्रेऑफिसच्या कॅल्क या एक्सेलसारख्याच प्रोग्रॅममध्ये कापलेल्या मजकुराच्या कडेला छोटा लाल त्रिकोण दिसतो. एक्सेलला तेवढी खूण देणे का जमू नये, हे मला आजवर कळलेले नाही.

म्हणून माझे मत असे आहे की कॉलमची रुंदी माणसाने विचारपूर्वक ठरवावी आणि रोची (तक्त्यातल्या आडव्या रांगेची) उंची यंत्रावर सोडावी. बहुतेक लोक नेमके याच्या उलट करतात. रुंदीसाठी दोन कॉलमांच्या मधल्या रेषेवर डबल-क्लिक करून मोकळे होतात आणि उंची मात्र माउसने ओढून ओढून ‘नीट’ करत बसतात.

डबल-क्लिकचे ऑटोफिट वाईट आहे असे मी म्हणत नाही. ते त्या कॉलममधल्या सर्वांत लांब नोंदीला पुरेल एवढी रुंदी देते, आणि अडचण तिथेच आहे. पहिल्या सेलमध्ये अहवालाचे लांबलचक शीर्षक असेल तर अनुक्रमांकाचा कॉलम अर्धा पडदा व्यापतो. अशा वेळी शीर्षक सोडून फक्त तक्त्याचा भाग निवडावा आणि होम टॅबवरील ‘फॉरमॅट’मधून ‘ऑटोफिट कॉलम विड्थ’ द्यावे. मग मोजमाप निवडलेल्या सेलांपुरतेच होते. शेऱ्यासारख्या कॉलमला मात्र ऑटोफिट लावूच नये, कारण एखाद्याने तिथे सबंध परिच्छेद लिहिलेला असतो. तिथे वाचायला सोयीची रुंदी हाताने द्यावी आणि ‘रॅप टेक्स्ट’ लावावे, म्हणजे न मावणारा मजकूर त्याच सेलमध्ये पुढच्या ओळीवर उतरतो. हा आकडा देताना एवढे लक्षात ठेवावे की एक्सेलमधली रुंदी मूळ फॉन्टमधल्या शून्याच्या अंकावर मोजली जाते. कॅलिब्री ११ असताना सुरुवातीची ८.४३ ही रुंदी म्हणजे साधारण तेवढी शून्ये. ‘क्षेत्रफळ’ किंवा ‘प्रतिज्ञापत्र’ यांचा हिशेब शून्यांत बसत नाही, म्हणून मराठी मजकुरासाठी अंदाजापेक्षा थोडी सढळ रुंदीच द्यावी. १९७९ साली आलेल्या व्हिजिकॅल्क या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये सगळ्या कॉलमांना एकच रुंदी असे आणि बदलली तर सगळ्यांचीच बदले. त्या मानाने आपण फार सुखात आहोत.

उंचीचे गणित वेगळे आहे. ती पॉइंटमध्ये मोजतात, एका इंचात ७२ पॉइंट, आणि एका रोला ४०९ पॉइंटांपलीकडे उंची देता येत नाही. जोपर्यंत तुम्ही हात लावत नाही तोपर्यंत रो मजकुराप्रमाणे स्वतःहून वाढतो. एकदा का ती रेषा माउसने ओढली की एक्सेल समजते, मालकांनी उंची ठरवून दिली आहे, आणि पुढे त्या सेलमध्ये चार ओळी लिहिल्या तरी रो तसूभर हलत नाही. रोच्या क्रमांकाखालच्या रेषेवर डबल-क्लिक केले की हा हट्ट सुटतो. क्रमही महत्त्वाचा आहे : आधी रुंदी, मग रॅप, शेवटी उंची. अरुंद कॉलमला आधी रॅप लावून नंतर तो रुंद केला तर ताडमाड झालेले रो आपोआप आखूड होत नाहीत आणि तक्त्यात नुसती पांढरी जागा पसरते.

देवनागरीत उंचीची चूक आणखी महागात पडते. रोमन अक्षरांच्या मापाने बसवलेल्या रोमध्ये वरची वेलांटी, रफार किंवा खालचा उकार छाटला जातो. वेलांटीचे वरचे वळण गेले की उरतो फक्त काना, आणि ‘बाकी’चे ‘बाका’, ‘कमी’चे ‘कमा’ होते. रफार गेला की ‘कर्ज’चे ‘कज’. वाचणारा अंदाजाने निभावून नेतो, पण नावांच्या यादीत अंदाज चालत नाही.

आणि मर्ज केलेल्या सेल. त्यांच्याबद्दल मी सौम्य भाषेत लिहू शकत नाही. तीन सेल जोडून त्यांत लांब मजकूर लिहिला आणि रॅप लावले, तरी ऑटोफिट त्या सेलची दखलच घेत नाही. रो एका ओळीचाच राहतो. वर त्या तक्त्याचे सॉर्टिंग अडते ते वेगळेच. शीर्षक मधोमध हवे असेल तर ‘फॉरमॅट सेल्स’मधल्या अलाइनमेंटच्या पानावर ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ आहे. दिसायला हुबेहूब तेच, आणि सेल सुट्या राहतात.

माझ्या नियमाला अपवाद छपाईचा. पडद्यावर पूर्ण दिसणारा रॅप केलेला मजकूर कागदावर शेवटच्या ओळीत कापला जाऊ शकतो, कारण छापताना अक्षरांची मापे किंचित बदलतात, एखादा शब्द खाली घसरतो आणि वाढलेल्या ओळीला जागा उरत नाही. छापायच्या प्रतीत मी कॉलम थोडे सैल ठेवतो, क्वचित उंचीही हाताने वाढवतो, आणि प्रिंट प्रिव्ह्यू पाहिल्याशिवाय कागद घालत नाही.

त्या साहित्याच्या यादीचे पुढे काय झाले हे सांगायचे राहिले. ज्यांची ती फाइल होती त्यांना मी हे सारे समजावून सांगितले, आणि त्यांनी खरोखरच शेऱ्याचा कॉलम रुंद करून रॅप लावले. गेल्या महिन्यात तीच यादी पुन्हा आली, तर सगळे रो एकाच मापात दाबून बसवलेले आणि मजकूर वरच्या कडेला धरलेला, म्हणजे प्रत्येक शेऱ्याची पहिलीच ओळ दिसत होती. विचारले तर उत्तर आले, “साहेबांना सगळं एका पानावर हवं होतं.” मी शीट पूर्ण निवडून रोच्या रेषेवर डबल-क्लिक केले. खालच्या ओळींतून सात ‘नाही’ वर आले.