चिठ्ठी डॉक्टरांची, वाचन फौजदारांचं

अमेरिकेत नव्याने स्थायिक होणाऱ्या मराठी माणसाला सल्ल्यांची कमतरता नसते. हिवाळ्यात कोट कुठला घ्यावा, हापूस कुठे मिळतो, सगळं सांगायला माणसं टपलेली असतात. आजारी कसं पडावं, हे मात्र कोणी सांगत नाही. ते काम मी करतो.

आजार निवडताना क्रोसिनवर भागेल असाच निवडा. ऑपरेशननंतरच्या वेदना, निद्रानाश, धास्ती, एडीएचडी (म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार) हे शौक आपल्यासारख्यांचे नव्हेत. ऑक्सिकोडोन, झोलपिडेम, अल्प्राझोलाम, ॲडरॉल, टेस्टोस्टेरॉन यांतलं काहीही मेडिकलमधून उचललंत की तुमचं नाव, जन्मतारीख, औषध, गोळ्या किती, डॉक्टर कोण, हे सगळं राज्य सरकारच्या नोंदवहीत चढतं. पाच डॉक्टर फिरून ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या कोणी साठवू नयेत, हा त्यामागचा हेतू. त्या गोळ्यांनी तिथे माणसं खरोखरच मरताहेत, तेव्हा डॉक्टरने वही पाहावी यात वावगं काही नाही. पण इतकी सुबक वही तयार झाल्यावर ती एकट्या डॉक्टरनेच वाचायची, हा पोलिसांवर अन्याय नाही का? (कुत्रा पाळणार असाल तर फिट्स न येणारा पाळा. त्याच्या फिनोबार्बिटलची नोंद पुष्कळदा मालकाच्याच नावावर होते.)

नोकरीही जपून निवडा. अग्निशमन दलात तर नकोच. २०१३ साली युटामध्ये ॲम्ब्युलन्समधली वेदनाशामक औषधं गायब झाली. चोर शोधायला एका डिटेक्टिव्हने दलातल्या ४८० जणांच्या औषधांच्या नोंदी वॉरंटशिवाय चाळल्या. औषधचोरीचा आरोप कोणावरच ठेवता आला नाही. दोघांवर वेगळेच गुन्हे दाखल झाले आणि पुढे तेही बारगळले. दोघे कोर्टात गेले, तेव्हा २०१७ मध्ये अपील न्यायालयाने डिटेक्टिव्हला संरक्षण दिलं. कारण काय, तर अशी झडती घटनाबाह्य आहे हे त्या वेळी पुरेसं स्पष्ट नव्हतं! झडतीपासून संरक्षण देणारी घटनादुरुस्ती १७९१ सालची आहे. सव्वादोनशे वर्षांत एखादी गोष्ट किती स्पष्ट व्हावी, यालाही मर्यादा असते. युटाच्या विधिमंडळाने मात्र घाई केली आणि २०१५ मध्येच वॉरंट सक्तीचं करून टाकलं.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरशी बोललेलं खासगीच असतं ना? इथे ऑरेगॉनचा धडा नीट गिरवून घ्या. त्या राज्याचा कायदा म्हणत होता की नोंदी हव्या असतील तर न्यायालयाचा आदेश आणा. केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याने, म्हणजे डीईएने, स्वतःच सही करून समन्स पाठवलं. त्यांचा युक्तिवाद मला फार आवडतो. रुग्णाने ही माहिती डॉक्टरला आणि फार्मासिस्टला आपण होऊन दिली, मग तिच्यात खासगी ते काय उरलं? म्हणजे कंबरेची चकती सरकली तीही तुमच्या राजीखुशीने. २०१४ मध्ये तिथल्या जिल्हा न्यायाधीशांनी हे ऐकलं नाही. नोंद टाळायची तर उपचार सोडावे लागतील किंवा राज्य सोडावं लागेल, याला काही निवड म्हणत नाहीत, असं त्यांनी लिहिलं. २०१७ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. केंद्राचा कायदा राज्याच्या कायद्याहून मोठा, आणि या दाव्यात वॉरंटची मागणी करण्याचा अधिकार रुग्णांना नाही. वॉरंट लागतं की नाही, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

तेव्हा न्यायाधीशांनी दाखवलेल्या दोन वाटांचा विचार करा. राज्य सोडणं एकेकाळी जमण्यासारखं होतं. मिसूरीत राज्यभराची अशी नोंदवही नव्हती. पण २०२१ मध्ये तिथेही कायदा झाला, आणि मिसूरी शेवटचं राज्य होतं. उरली दुसरी वाट. ओव्याची पुरचुंडी जवळ असू द्या.

काहींना वाटेल, सरकारी वही टाळली की सुटलो. त्यांनी फार्मासिस्टला रोज नमस्कार घालावा. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी संसदेच्या काही सदस्यांनी आठ मोठ्या औषधविक्रेत्या कंपन्यांची चौकशी प्रसिद्ध केली. पोलिसांना नोंदी देण्याआधी वॉरंट हवंच, असा आग्रह आठांपैकी एकीचाही नव्हता. तिघींकडे तर पोलीस दारात आले की दुकानातला कर्मचारीच तिथल्या तिथे नोंदी काढून देऊ शकत होता. मागे गिऱ्हाइकांची रांग, पुढे बिल्ला लावलेला साहेब. कायद्याचा अर्थ लावायला याहून शांत जागा कुठली?

आणि घाबरू नका, तुम्हालाही हक्क आहेत. तुमची माहिती कोणाकोणाला दिली, याची यादी तुम्ही दुकानाकडे मागू शकता. फक्त मागावी लागते, आपण होऊन ती देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही. तपासात अडथळा येईल असं पोलिसांनी कळवलं, तर त्यांचं नाव काही काळ त्या यादीतून गाळताही येतं. म्हणून जरूर मागा, आणि यादी कोरी आली तर अगदी निश्चिंत होऊन झोपा. झोप नाही आली, तर गोळी मात्र मागू नका.