विज्ञान न समजण्याचा सोलापूर पॅटर्न

लातूर पॅटर्नचं कौतुक लई ऐकलास, आता आपला सोलापूर पॅटर्न ऐक बे. दहावीला विज्ञान अजिबात न समजता पास कसं व्हायचं ते फुकट सांगायलोय, क्लासवाले याचीच फी घेतात.

एकच नियम. पुस्तकातलं पुस्तकातच ठेवायचं, घरात आणायचं नाही. खालच्या खोलीत पॉवरलूमचा खडखडाट चालू असेल, तू बरोबर त्याच्या वर बसून डावा हात वाकडा करून फ्लेमिंगचा मोटरवाला नियम घोकायचा, अंगठा म्हणजे बल, तर्जनी चुंबकीय क्षेत्र, मधलं बोट विद्युतधारा, पण खाली मोटर कशानं फिरायलीय ते चुकून बघायला जायचं नाही. पप्पांनी विचारलं हाताला काय झालंय तर म्हणायचं, इम्पॉर्टंट आहे. मोटर जळली तर मिस्त्री येईल, तू हात वाकडाच ठेव.

सेमीला असशील तर अजून सोपं. तू 'लेटंट हीट' पाठ कर, शेजारच्या मराठीवाल्याला 'अप्रकट उष्मा' पाठ करू दे, दोघं कधी एकमेकांशी बोलू नका, एकच गोष्ट निघाली तर उगं डोक्याला ताप.

पाण्याचं असंगत आचरण तर खास आपल्यासाठीच. 4 अंशाला घनता सगळ्यात जास्त, म्हणून तलाव वरून गोठला तरी खाली मासे जिवंत. सिद्धेश्वर तलावावर बर्फ बघितलाय कुणी? मग झालं तर, बघायला मिळत नाही ते पाठ करायला बेस्ट. (मला यात पूर्ण मार्क पडले होते. असंगत म्हणजे काय ते मात्र विचारू नका.) उलट मे महिन्यात एका दुपारी सूर्य इथं बरोब्बर डोक्यावर येतो, खांबाची सावली गायब होते, पण सुट्टीत विज्ञान? गप झोप की.

प्रॅक्टिकलचं टेन्शन घेऊ नको. जर्नल ताईचं उतरव, रीडिंगसकट. ताईनं मैत्रिणीचं उतरवलेलं, तिनं अजून कुणाचं, आमच्या गल्लीत भिंगाचं नाभीय अंतर पिढ्यानपिढ्या 10 सेमीच येतंय.

आणि मार्चात पारा 40 कडं सरकला की आई माठाला ओलं फडकं गुंडाळेल, खिडकीला ओली चादर टांगेल, खोली जरा गार वाटायला लागेल. का म्हणून विचारू नको. उलट ओरड, "आई, बाजूला हो ना, बाष्पनाचा अप्रकट उष्मा पाठ करायलोय, डिस्टर्ब होतंय!"