अहाब स्वतःच्या मर्जीने बुडाला का?

काल मित्रांच्या कट्ट्यावर परत अहाब निघाला, मेल्विलच्या 1851 च्या 'मोबी डिक' कादंबरीतला, पांढऱ्या देवमाशाच्या मागे लागलेला जहाजाचा कप्तान. मास्तरने ती नुकतीच संपवलीय, त्यामुळे सुरुवात त्यानेच केली की हा सूड वगैरे काही नाहीये, पांढऱ्या देवमाशाने पाय तोडला म्हणून राग एवढंच असतं तर कादंबरी पन्नास पानांत संपली असती. जहाजावरचा त्याचा दुय्यम अधिकारी स्टारबक त्याला तोंडावर सांगतो की मुक्या जनावरावर कसला सूड उगवतोस, तर अहाब म्हणतो की डोळ्यांना दिसतं ते सगळं पुठ्ठ्याचा मुखवटा आहे, मागे काहीतरी आहे, मारायचंच तर मुखवटा फोडून पलीकडे मारा. मास्तर म्हणाला, "हा सरळ तत्त्वज्ञ कांटचा प्रश्न आहे रे. वस्तू आपल्याला दिसते तशीच कळते, ती मुळात काय आहे ते कधीच कळत नाही. कांट त्या भिंतीपाशी थांबला, हा भाला घेऊन निघाला." आणि गंमत म्हणजे तिथेच अहाब हेही म्हणतो की कधीकधी वाटतं पलीकडे काहीच नाहीये. तरी निघतोच. मला ही जागा फार भारी वाटते.

धाकट्याचं म्हणणं वेगळंच, जो अख्खं जहाज बुडवतो, गोष्ट सांगणारा खलाशी इश्माएल एकटा सोडून सगळे मरतात, त्याच्यासाठी आपण का रडायचं? बरोबर आहे, पण ॲरिस्टॉटलनेही शोकांतिकेचा नायक धुतल्या तांदळाचा मागितला नव्हता, तो थोर असावा आणि त्याच्या हातून चूक व्हावी, एवढंच.

मग वकील बोलला आणि खरं भांडण तिथून पेटलं. त्याने तत्त्वज्ञ स्पिनोझाचा दगड काढला, 1674 च्या पत्रातला. भिरकावलेल्या दगडाला मधेच जाणीव आली तर त्याला वाटेल मी माझ्या मर्जीने उडतोय. "अहाब तोच दगड आहे. स्वतःच म्हणतो ना, माझा आत्मा लोखंडी रुळांवरून धावतो म्हणून."

मला हे अजिबात पटत नाही. अरे, रुळांच्या जरा आधी तोच माणूस म्हणतो, मी ठरवलंय आणि ठरवलंय ते मी करणार! तेव्हा सगळं मी-मी. आणि शेवटी देवमाशाच्या पाठलागाच्या दुसऱ्या दिवशी स्टारबक गयावया करतो की आता तरी थांब, तर म्हणे हे सगळं समुद्र व्हायच्या आधीच ठरलंय, मी नियतीचा हुकूम पाळणारा. म्हणजे कुणी परतीचा रस्ता दाखवला की लगेच नियती आठवते. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने 1943 मध्ये ज्याला आत्मवंचना म्हटलं ती हीच, आपण निवड करतोय हे आपल्यापासूनच लपवायचं. पाठलागाच्या आदल्या प्रकरणात तर त्याला सगळं लख्ख दिसतंय, अठराव्या वर्षी पहिला देवमासा मारला, चाळीस वर्षं समुद्रावर, आता अठ्ठावन्न, घरी तरुण बायको आणि लहान पोरगा, डोळ्यातून एक थेंब समुद्रात पडतो, आणि तेवढ्यात तो विचारतो की हा हात मी उचलतोय की देव? मला तिथे दरवेळी वाटतं हा आता वळणार.

"सार्त्र जवळपास शंभर वर्षांनंतरचा," वकील म्हणाला, "तुझा नियम मागे नेऊन लावू नकोस."

म्हटलं ठीक, मग कादंबरीतलंच घे. रेचल जहाजाचा कप्तान येतो, बारा वर्षांचा मुलगा समुद्रात हरवलाय, फक्त अठ्ठेचाळीस तास शोधायला मदत कर म्हणतो. अहाब नाही म्हणतो. आणि जाताना बोलतो की मला स्वतःला माफ करता येवो. दगड कशाला माफी मागेल?

वकील बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याच वाक्यात पुढे काय आहे सांग."

पुढे आहे, "पण मला गेलंच पाहिजे."